पिवळ्या सूचीतला कारखाना

"मावशी, हे बिरोबा पॅकेजिंग नेमकं कुठं आलं?"

वृषालीने पिवळी सूची माझ्या काउंटरवर उघडून ठेवली आणि एका ओळीवर बोट ठेवून उभी राहिली. मी परत आलेल्या पुस्तकांवर तारखेचा शिक्का मारत होते. एकाच पुस्तकावर दोनदा मारला.

"पिंपळीच्या रस्त्याला, असं लिवलंय की," मी म्हणाले.

"मी काल स्कूटीवर जाऊन आले. त्या पत्त्यावर गाड्या धुवायचं सेंटर हाय."

"मग आतल्या अंगाला असंल. मला इचारून काय उपयोग? मी काय पोस्टमन हाय व्हय?"

पोरीने ओळीवरचं बोट काढून घेतलं. दीड महिना रोज लायब्ररीत येणारी, पुस्तक जिथून काढलं तिथेच परत ठेवणारी, जाताना न विसरता "येते मावशी" म्हणणारी मुलगी. तिच्यावर मी कधी खेकसले नव्हते. पण त्या पत्त्यावर आता गाड्या धुतात हे मला चांगलं माहीत होतं. बिरोबा पॅकेजिंग कुठे आहे हेही माहीत होतं. ते त्या पिवळ्या सूचीत आहे. दुसरीकडे कुठेच नाही.

माझं नाव जयवंता. बारामतीच्या एका कॉमर्स कॉलेजच्या लायब्ररीत मी चोवीस वर्षं शिपाई आहे, कागदोपत्री 'ग्रंथालय परिचर'. नोकरी लग्नाआधी लागली, म्हणून रजिस्टरला माहेरचं आडनाव आहे, कोकरे. शिक्षण दहावी. पण चोवीस वर्षं पुस्तकं पुसली, लावली, दुपारी कुणी नसताना उघडून वाचली की माणसाची लिहायची भाषा सुधारते. बोलायची आपली गावाकडची, कऱ्हाटीचीच राहते.

लायब्ररीच्या मागच्या कोपऱ्यात आमचा उद्योग विभाग आहे. जिल्ह्याचं गॅझेटियर, जनगणनेचे जाड खंड, बाजार समितीचे वार्षिक अहवाल, वर्तमानपत्रांच्या कात्रणांच्या फायली, आणि पिवळ्या कव्हरची आमची स्वतःची 'बारामती-इंदापूर उद्योगसूची'. दर दोन-तीन वर्षांनी लायब्ररी दोन्ही तालुक्यांतल्या लहानमोठ्या कारखान्यांना फॉर्म पाठवते. मालक कोण, माल कोणता, कामगार किती, फोन नंबर काय. आलेले फॉर्म जुळवून सूची छापायची. पाकिटांवर पत्ते लिहायचे, फॉर्म लावायचे, न पाठवणाऱ्यांच्या मागे लागायचं, हे सगळं माझ्याकडे. शेवटी आमच्या ग्रंथपाल राजलक्ष्मी मॅडम सही करतात. मॅडमना या सूचीचा भारी अभिमान. "हे तुमच्या मोबाईलवर मिळणार नाही," असं पोरांना दटावून सांगतात. खरंच मिळत नाही.

वृषाली एम.बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. इंदापूरच्या अलीकडे तिच्या घरची पेरूची बाग, ती इथे होस्टेलला. प्रकल्पाचा विषय तिने स्वतः निवडला होता: फळांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचा उद्योग आणि त्याच्या आजूबाजूची परिस्थिती. विषय कॉलेजसाठी, पण जीव दुसरीकडेच अडकलेला. ऐन हंगामात त्यांच्या भागात खोकी मिळत नाहीत, लांबून आणावी लागतात, पेरू वाट बघत पिकून जातो. तिला स्वतःचा खोक्यांचा कारखाना काढायचा होता. सरकारी योजनेचा अर्ज भरायला तीन दिवस उरले होते आणि अर्जाला हाच अहवाल जोडायचा होता.

कुठे काय बघायचं ते मीच तिला दाखवलं होतं. पेरू-डाळिंबाची आवक किती ते बाजार समितीच्या अहवालात बघ. बागा किती वाढल्या ते शेतीखात्याच्या पुस्तिकेत. खोक्यांचे कारखाने किती, ते पिवळ्या सूचीत. एकाच सालाची बघू नको, सगळ्या काढ, म्हणजे कोण वाढलं कोण बुडालं ते कळेल. हे सुद्धा मीच सांगितलं. नको तिथे शहाणपणा करायची मला खोडच आहे.

माझं खेकसणं विसरून तिने मला हाताला धरून टेबलापाशी नेलं. सहा सूच्या ओळीने मांडल्या होत्या. आलेखाच्या कागदावर तिने एकेका कारखान्याची रेघ काढली होती. बहुतेक रेघा आडव्या, दोन मध्येच तुटलेल्या. एकच रेघ वर वर चढत गेली होती.

"ही बघा ना मावशी. दोन हजार बाराला चार कामगार. मग धा, बारा, अठरा. कोरोनात समद्यांनी माणसं काढली, ह्यांनी एक बी काढला न्हाय. आन आता एकतीस! असला मालक पायजे."

मला ती रेघ बघवेना. मी टेबलावरची नसलेली धूळ पुसली.

"सर म्हणतात, एवढं मोठं युनिट जवळ असताना तू टिकणार कशी? आधी मालकांना भेट, त्यांची मुलाखत घे, मग अर्जाचं ठरव. मी फोन लावून बघते."

लायब्ररीत फोनवर बोलायला बंदी आहे. ती बाहेर व्हरांड्यात गेली. मी काउंटरवर येऊन बसले आणि बसते न बसते तोच माझ्या पोटापाशी ड्रॉवर थरथरायला लागला.

त्या ड्रॉवरमध्ये निळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बटणांचा जुना फोन असतो. सिद्धूचा. लायब्ररीत चार्ज करते, महिन्याच्या महिन्याला रिचार्ज मारते. मी दोन्ही हात ड्रॉवरवर दाबून धरले. काचेच्या खिडकीतून वृषाली दिसत होती, फोन कानाला लावलेली, दुसऱ्या हाताने वेणीचं टोक चाळवत, बोलायची वाक्यं मनात जुळवत असलेली. इकडे माझ्या तळव्यांखाली लाकूड घरघरत होतं. वाचायला बसलेल्या एका पोराने मान वर करून पाहिलं. मी डोळे वटारले, तशी त्याने मान खाली घातली. मग थरथर थांबली.

वृषाली आत आली ती हसतच.

"उचलला न्हाय कुणी. पर रिंग जाती मावशी. रिंग जाती म्हंजे चालू हाय!"

सिद्धू माझा नवरा. मासाळांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. सासऱ्यांनी अर्धं आयुष्य रानोमाळ काढलं. एका जागी बसून काम करायचं ठरवणारा सिद्धू त्या घरातला पहिलाच. भावकी हसायची. "मेंढरामागं फिरणाऱ्याचं बूड शेडात टिकंल व्हय?" तो म्हणायचा, "न्हाय टिकलं तर खोक्यात भरून ठिवीन, वरनं पिना मारीन." पिंपळीच्या रस्त्याला पत्र्याचं भाड्याचं शेड घेतलं. पायाने दाबून पिना मारायचं एक मशीन. नाव दिलं घरच्या देवाचं, बिरोबा. पुठ्ठ्याचे ताव बाहेरून आणायचा, कापायचा, घड्या घालायचा, पिना मारायचा, आणि मोटरसायकलवर बांधून बागांमध्ये पोचवायचा. कामाला दोन बाया, तो, आणि रविवारी मी.

दोन हजार बाराच्या सूचीचा फॉर्म मीच घरी नेला होता. तो जेवत होता, मी भरत होते. कामगारांच्या रकान्यापाशी थांबले.

"तीन लिवू का चार?"

"तू काय पावनी म्हणून येतीस व्हय? चार लिव." भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाला, "आन पुढच्या खेपंला धा लिवायचं. ध्यानात ठेव."

पुढच्या जानेवारीत तो गेला. खोक्यांच्या घड्या मागे बांधून इंदापूरकडे निघाला होता. वारं सुटलं होतं. शेजारून टेम्पो गेला. मला एवढंच सांगण्यात आलं आणि एवढंच माहीत आहे. मशीन विकलं. शेड मालकाने परत घेतलं. आम्हाला मूलबाळ नव्हतं. सासू दिराकडे राहायला गेली. फोन तेवढा माझ्याकडे राहिला.

दोन हजार चौदाला परत सूचीचं काम निघालं. जुन्या यादीवरून पाकिटांवर पत्ते लिहिताना त्याचं नाव आलं. बंद पडलेल्या कारखान्याच्या नावापुढे 'बंद' असा शिक्का मारायचा, हा आमचा नियम. तो शिक्का मीच शंभर वेळा मारला असेल. त्याच्या नावापुढे मात्र हात उचलला नाही. पत्ता मीच लिहिला, तिकीट मीच चिकटवलं, पाकीट पोस्टात मीच टाकलं. तिसऱ्या दिवशी पोस्टमनने ते घरी आणून माझ्याच हातात दिलं. "ताई, शेडाला कुलूप हाय," म्हणाला. रविवारी सकाळी मी फॉर्म भरायला घेतला. कामगार: दहा. सांगितलं होतं ना त्याने.

पुढचा रकाना होता: पुरुष किती, स्त्रिया किती. तिथे आली पंचाईत. दहा माणसं आहेत म्हटल्यावर ती कोण, हे ठरवायला नको? मी विचार करत बसले. मशीनवर म्हाळसा, एका पायाने अधू, पण दुसरा पाय मशीनवर पडला की कुणाला ऐकणार नाही अशी. फोन घ्यायला उत्कर्षा, बारावी झालेली, गोड बोलणारी. माल पोचवायला लखन, टेम्पोतून. मोटरसायकलवर खोकी बांधून आता कुणी जायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. असे दहा झाले. दोन वर्षांनी आणखी दोघांना घेतलं. पुढे सहा. कोरोनात कुणाला काढायचं हे ठरवायला बसले आणि रडूच आलं, म्हणून कुणालाच काढलं नाही.

एकदा आत शिरलेली माणसं काही जाईनात. सकाळी एसटीत एखादी अनोळखी बाई डबा मांडीवर घेऊन बसलेली दिसली की वाटायचं, ही आपली म्हाळसा, कामावर चाललीय. दुपारी लायब्ररी शांत झाली की मागच्या कोपऱ्यातून, सूच्यांच्या कपाटाकडून, मशीनचा आवाज यायचा. खट्, खट्. मग जरासा थांबायचा, खोकं फिरवायला लागतो तेवढाच. परत खट्. पहिल्यांदा मी घाबरले, अंगारा लावून घेतला. मग सवय झाली. पुढे पुढे एखाद्या दुपारी आवाज आला नाही तर मीच उठून कपाटाला कान लावून उभी राहायची. वेडी म्हणा, काहीही म्हणा.

सुरुवातीची दोन-चार वर्षं त्या फोनवर बागायतदारांचे फोनही यायचे. मी म्हणायची, माल संपलाय, पुढच्या आठवड्यात बघा. पुढच्या आठवड्यात कुणी बघायचं नाही. राजलक्ष्मी मॅडम दोन हजार पंधराला आल्या, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. मी विधवा आहे एवढं ठाऊक होतं, त्यापलीकडे त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. सूचीत एक ओळ जास्त, त्यात कुणाचं काय बिघडतं, असं मी स्वतःला समजावत आले. ती चढती रेघ बघेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला वृषाली आली. बरोबर वडील होते. मोहनराव. उंच, उन्हाने रापलेला माणूस, खांद्यावर उपरणं, हातात पेरूंची पिशवी.

"तुमीच का जयवंताताई? आमची छकुली रोज तुमचं नाव काढती. ह्ये पेरू घ्या. बागंतलेच हायेत."

छकुली म्हणजे वृषाली. ती वडिलांमागे उभी होती. आज हसत नव्हती. आलेखाचा कागद सुरळी करून हातात घट्ट धरला होता.

मोहनराव काउंटरसमोरच्या बाकावर बसले आणि सूची मागितली. ओळीखाली बोट धरून सावकाश वाचलं.

"मालक, एस. बी. मासाळ. म्हंजे सिद्धूच की ह्यो."

मी पेरूंची पिशवी खाली ठेवली. ठेवावीच लागली.

"वळखत व्हता तुमी?"

"वळखत म्हंजे काय! तीन भोकांचं खोकं करायचा. समदी दुनिया हवंला दोन भोकं पाडती. ह्यो म्हणायचा, मोहनराव, पेरूला घाम येतो, त्याला तिसरी खिडकी पायजे. माझा माल एकदा बी डागाळला न्हाय." त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. "गेला त्या दिवशी माझीच खोकी घिऊन येत व्हता, ताई. पेरू तोडून ठिवला व्हता, गाडी येऊन उभी. ह्याचा पत्त्या न्हाय. मी रस्त्याकडं बघत त्याला शिव्या घालत व्हतो. लई घाण शिव्या. तिकडं तो रस्त्यात पडलेला, आन हिकडं माझं तोंड चालू. बारा वर्षं झाली. पेरू तोडायला घेतला की त्याच शिव्या माझ्याच आवाजात ऐकू येत्यात."

मला वाटत आलं होतं की आवाज फक्त मला एकटीलाच ऐकू येतात.

"त्याच्या मातीला बी गेलो न्हाय मी. तोंडच न्हवतं," मोहनराव म्हणाले. "काल छकुलीनं फोनवर ह्यो आकडा सांगितला. एकतीस माणसं! लई बरं वाटलं बघा. म्हंजे भावानं म्हणा, बायकुनं म्हणा, कुणीतरी त्याचं काम बुडू दिलं न्हाय. मग मी पोरीला सांगून टाकलं, आपुन न्हाय काढायचा कारखाना. त्या माणसाच्या घरच्यांच्या पोटावर आपुन पाय द्यायचा न्हाय. अर्ज भरायचा न्हाय."

"आबा म्हणतील तसं," वृषाली म्हणाली. दीड महिन्यात तिच्या तोंडून मी इतकं मेलेलं वाक्य ऐकलं नव्हतं.

"फकस्त एकदा त्यांना भेटायचंय. पाय धरायचेत. फोन उचलत न्हाईत म्हणं. तुमी हितनं फॉर्म धाडता, तुमाला घर ठाव असंल."

काय सांगणार होते मी? बारा वर्षांत ही गोष्ट मी एकदाही तोंडाने बोलले नव्हते. सख्ख्या बहिणीलाही नाही. समोर तो एवढा मोठा माणूस पाय धरायला निघालेला, आणि त्याच्यामागे ती पोर, जिची रेघ मी कापली होती, एका पेनाने, रविवारी घरी बसून. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"वृषाली," मी म्हणाले. "परत लाव फोन."

"आता उचलतील?"

"लाव तर खरं."

ती दाराकडे वळली.

"भाईर न्हाय. हितंच लाव."

तिने नंबर लावला. ड्रॉवर थरथरला. तिने ड्रॉवरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. केबिनच्या काचेआड राजलक्ष्मी मॅडमनी मान वर केली. मी ड्रॉवर ओढला, निळी पिशवी सोडली, फोन काढून कानाला लावला.

"हॅलो," मी म्हणाले. "बिरोबा पॅकेजिंग."

आमच्यामध्ये काउंटरची फळी तेवढी होती. तिचे ओठ हलताना दिसत होते आणि आवाज मला दोन ठिकाणांहून येत होता, समोरून आणि कानातून. तिने फोन खाली ठेवला असता तर मी पुढे एक अक्षर बोलू शकले नसते. तिने ठेवला नाही. तिने आपल्या पिशवीतून प्रश्नावली काढून काउंटरवर पसरली. त्या क्षणी मला तिचा राग आला. आता वाटतं, तिने उपकार केले माझ्यावर.

"मी वृषाली बोलते," ती म्हणाली. "प्रकल्पासाठी माहिती पायजे व्हती. मालकांचं नाव?"

"सिद्धू बिरू मासाळ."

"ते भेटतील का?"

"न्हाय. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली."

मोहनराव उठून उभे राहिले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर थांबले असते.

"कामगार किती हायेत?"

मागच्या कोपऱ्यात मशीन चालू होतं. खट्, खट्. म्हाळसा, लखन, उत्कर्षा, सगळे एकतीसच्या एकतीस माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले आहेत आणि मी काय सांगते ते ऐकत आहेत, असं मला वाटलं. नुसतं वाटलं नाही. त्यांचे श्वास मानेला लागत होते.

"एक बी न्हाय," मी म्हणाले.

"सूचीत एकतीस लिवलेत."

"ते मी लिवलं. धा बी मीच, बारा बी मीच, अठरा बी मीच. समदं मीच."

वृषालीने खाली मान घालून लिहून घेतलं. कागदावर दोन थेंब पडले, ते तिने मनगटाने पुसले आणि शाई पसरली.

"युनिट कधी बंद झालं?"

"तो गेला त्याच दिवशी."

"माहिती देणाऱ्याचं नाव?"

"जयवंता सिद्धू मासाळ."

लग्नाचं आडनाव लायब्ररीत मी पहिल्यांदाच उच्चारलं.

शेवटचा प्रश्न तिला विचारवेना. पण कागदावर होता. आमच्या सूचीच्या कोऱ्या फॉर्मवरूनच तिने तो उतरवला होता. "आणि... तुमचं युनिटशी नातं?"

त्या रकान्यात तीन पर्याय असतात: मालक, भागीदार, कामगार. बायको नसते.

"कामगार," मी म्हणाले. "रविवारची."

फोन कुणी आधी ठेवायचा ते दोघींनाही कळेना. शेवटी मोहनरावांनीच लेकीच्या हातून फोन हळूच काढून घेतला. ते माझ्यापुढे हात जोडून उभे राहिले.

"ताई... त्या शिव्या..."

"दादा, त्याला उशीर व्हायचाच," मी म्हणाले. "मी बी रोज घालत व्हते. त्यानं ऐकल्या असत्या तर हसला असता." मग मी वृषालीकडे वळले. "आन तू काय बघत बसलीयास? दोन दिस ऱ्हायलेत. अर्ज भर जा. तिसरं भोक तेवढं इसरू नको."

ते गेल्यावर राजलक्ष्मी मॅडम केबिनच्या दारात आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"जयवंताबाई, आत या."

मी आत जाऊन उभी राहिले. बस म्हणाल्या नाहीत.

"त्या सूचीच्या खाली सही माझी आहे."

"व्हय मॅडम."

"आणखी किती जणांनी ती ओळ बघून नाद सोडला असेल, विचार केलात कधी?"

केला होता. नुकताच, पण केला होता. पाच-सहा वर्षांपूर्वी एक नवरा-बायको आले होते, खोक्यांच्याच चौकशीला. सूची बघून एकमेकांकडे बघत उठले आणि गेले. बायकोच्या कडेवर मूल होतं. नाव लिहून ठेवलं नव्हतं त्यांनी, नाहीतर शोधत गेले असते. हे मी मॅडमना सांगितलं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"शुद्धिपत्र छापू," त्या म्हणाल्या. "प्रत्येक प्रतीत तुम्हीच चिकटवायचं."

मेमोही मिळाला. मिळायलाच हवा होता, माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. वृषालीने अर्ज शेवटच्या दिवशी भरला, पोचपावतीचा फोटो मला पाठवला. पुढे काय व्हायचं ते होईल.

पुढच्या आठवड्यात चिठ्ठ्या छापून आल्या. 'बिरोबा पॅकेजिंग हे युनिट जानेवारी २०१३ पासून बंद आहे.' सहा सूच्या, प्रत्येकीच्या लायब्ररीत तीन प्रती. अठरा चिठ्ठ्या. दुपारी पोरं जेवायला गेल्यावर मी खळीची बाटली घेऊन मागच्या कोपऱ्यात बसले. आधी सर्वांत नवीन सूची घेतली. मशीन चालू होतं. पहिली चिठ्ठी चिकटवली तशी एकतीसातली तेरा माणसं डबे उचलून गेली. मग कोरोनातली सूची. त्यातले अठरा तसेच बसून राहिले, मला थांबावं लागलं, पदर डोळ्यांना लावावा लागला. मग त्याच्या आधीची, सहा गेले. त्याच्या आधीची, दोघं. शेवटी चौदा सालची. लखनने टेम्पोची किल्ली खुंटीला लावली. उत्कर्षा गेली. म्हाळसा सगळ्यांच्या शेवटी उठली, तिला चालायला वेळ लागतो. ती जाईपर्यंत मी तिसऱ्या प्रतीतली चिठ्ठी ओली तशीच हातात धरून बसले. मग चिकटवली. वरून हात फिरवला.

आवाज थांबला. मी कपाटाला कान लावून पाहिला. नाही. मला वाटलं होतं, सुटल्यासारखं वाटेल. तसं काही वाटलं नाही. पंखा फिरत होता, बाहेर कुणीतरी गाडी सुरू केली.

तीन चिठ्ठ्या उरल्या. बाराच्या सूचीच्या तीन प्रती समोर होत्या. मी पहिली उघडली. मालक: एस. बी. मासाळ. माल: फळांची खोकी. कामगार: चार. ती वाचली, मिटली, तिन्ही प्रती पुसून कपाटात जागच्या जागी लावल्या, आणि उरलेल्या चिठ्ठ्या घेऊन मॅडमच्या टेबलापाशी गेले.

"ह्या परत घ्या," मी म्हणाले. "बाराच्या सूचीत लावायच्या न्हाईत. त्यात खरं हाय."